दिवस मोजणारे गाव

मित्रांनो, समजा, उद्या सकाळी तुमच्या घरातील दिनदर्शिका कोणी उचलून नेली. घड्याळे नेली, वर्तमानपत्र बंद केले, मोबाइलही काढून घेतला. शाळेच्या फळ्यावर तारीख लिहायची नाही असा हुकूम निघाला. मग आज कोणता वार आहे, हे तुम्ही किती दिवस बिनचूक सांगू शकाल? आठवडाभर सहज सांगाल. महिनाभरही सांगाल. पण वर्षभर? आणि तुमच्यानंतर तुमची मुले, त्यांची मुले? एखादा आजारपणात गेलेला दिवस, एखादी विसरलेली रात्र, आणि सगळा हिशेब एका दिवसाने चुकला म्हणून समजा!

मध्य अमेरिकेत ग्वातेमाला नावाचा एक लहान देश आहे. त्याच्या डोंगराळ भागातील माया लोकांनी हा हिशेब एक-दोन वर्षे नव्हे, पाचशे वर्षे चुकू दिलेला नाही. तोही छापील पंचांगाशिवाय, आणि राज्यकर्त्यांचा विरोध सोसून. हे कशावरून म्हणायचे? त्याची परीक्षा आपण याच लेखात, भागाकार करून घेणार आहोत. त्याआधी त्या भागातील एका गावात फेरफटका मारून येऊ.

खाजऱ्या झुडपांचे गाव

गावाचे नाव चिचिकास्तेनांगो. जीभ अडखळते ना? गावकरीही थोडक्यात ‘चिची’च म्हणतात. राजधानीपासून सुमारे १४० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ २००० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. अंगाला लागताच आग होते अशा खाजऱ्या झुडपांचे ठिकाण, असा त्या नावाचा अर्थ. हे नाव मात्र गावकऱ्यांच्या भाषेतले नाही. ते मेक्सिकोतील आझ्टेकांच्या नाहुआट्ल भाषेतले आहे. स्पॅनिश सैन्याबरोबर मेक्सिकोतून आलेल्या लोकांनी इकडच्या गावांना अशी नावे दिली. गावकरी स्वतः किचे आहेत. किचे हा माया लोकांचा एक मोठा समाज, आणि किचे हीच त्यांची भाषा. ग्वातेमालात आजही वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात.

दर गुरुवारी आणि रविवारी येथे मोठा बाजार भरतो. मका, घेवडा, मातीची भांडी, लाकडी मुखवटे आणि रंगीबेरंगी हातमागाचे कापड. स्त्रिया ते कापड ज्या मागावर विणतात त्याला चौकटच नसते. मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचे आणि दुसरे टोक पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. विणणारी जरा मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे वाकली की सैल पडतो. ताण कमी-जास्त करणारे यंत्र म्हणजे ती स्वतःच!

शेतात सापडलेले जेड

बाजाराच्या चौकातच एक छोटे संग्रहालय आहे. त्यातील बराचसा संग्रह रॉसबाख नावाच्या एका धर्मगुरूंचा. ते या गावात अनेक वर्षे राहिले आणि १९४४ साली वारले. शेत नांगरताना मिळालेले मणी, मूर्ती, भांडी गावकरी त्यांना आणून देत आणि ते सांभाळून ठेवत. या संग्रहात डोळ्यांत भरते ते जेड.

जेड हा हिरवा दगड मायांना सोन्याहून मोलाचा वाटे. त्यांचे जेड म्हणजे जेडाइट हे खनिज. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ३.३ ग्रॅम असते. सर्पेंटाइन नावाचा दुसरा एक हिरवा दगड जेडसारखाच दिसतो, पण त्याची घनता सुमारे २.६ असते. तेव्हा आर्किमिडीजची युक्ती वापरून, दगड हवेत आणि पाण्यात तोलून, अस्सल कोणता आणि नक्कल कोणती हे मणी न फोडता ओळखता येते.

जेडाइटची कठिणता ६.५ ते ७ आहे, म्हणजे साध्या पोलादी सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही. मायांकडे तर लोखंडाची हत्यारे नव्हतीच. मग त्यांनी मणी कापले कसे? दोरीने! ओली दोरी, तिच्यावर कठीण दगडाची वाळू, आणि करवतीसारखे पुढे-मागे घासत राहायचे. कापते ती वाळू, दोरी नुसती तिला ओढत राहते. एक मणी तयार व्हायला किती चिकाटी लागत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

हे जेड येते ग्वातेमालातीलच मोताग्वा नदीच्या खोऱ्यातून. जेडाइट तयार होण्यास दाब प्रचंड लागतो आणि तापमान मात्र त्या मानाने कमी लागते. भूकवचाचा एक भाग दुसऱ्याखाली खेचला जातो तेथेच असा योग जुळतो. मोताग्वाच्या खोऱ्यात उत्तर अमेरिकेचे आणि कॅरिबियनचे भूपट्ट एकमेकांना घासतात. जमिनीखालचे जेड वर आले ते येथील हालचालींमुळे. पण त्याच प्रस्तरभंगावर ४ फेब्रुवारी १९७६ रोजी ७.५ क्षमतेचा भूकंप झाला आणि सुमारे २३,००० माणसे मेली. दागिना आणि दुःख, दोन्ही एकाच भेगेतून आले.

गावाचे पुस्तक परदेशात

चौकाच्या एका बाजूला सांतो तोमास हे पांढरेशुभ्र चर्च आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ते जुन्या माया मंदिराच्या जोत्यावर बांधले. १७०१ ते १७०३ या काळात फ्रान्सिस्को हिमेनेस नावाचे धर्मगुरू येथे होते. त्यांच्या पाहण्यात किचे भाषेतील एक हस्तलिखित आले. त्याचे नाव ‘पोपोल वुह’. जग कसे निर्माण झाले, देवांनी आधी मातीची व नंतर लाकडाची माणसे करून पाहिली, ती बिघडली, आणि शेवटी मक्याच्या पिठापासून खरा माणूस कसा घडवला, याच्या कथा त्यात आहेत. हिमेनेस यांनी एका रकान्यात किचे मजकूर आणि शेजारच्या रकान्यात स्पॅनिश भाषांतर असे ते उतरवून काढले.

मूळ हस्तलिखित पुढे नाहीसे झाले. ही नक्कल तेवढी उरली. १८५४ साली एका ऑस्ट्रियन प्रवाशाला ती ग्वातेमालाच्या राजधानीत दिसली. १८५७ साली व्हिएन्नात तिचे स्पॅनिश भाषांतर छापले गेले. नक्कल स्वतः मात्र पॅरिसमार्गे अमेरिकेत गेली. आज ती शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. गावाचा ग्रंथ वाचला, पण गावाबाहेर राहून!

अठरा पायऱ्या आणि वीस नावे

आता चर्चच्या पायऱ्या मोजा. त्या १८ आहेत. गावकरी सांगतात, हे आमच्या वर्षाचे १८ महिने. माया महिना २० दिवसांचा. १८ × २० = ३६०, आणि वर ५ दिवस, मिळून ३६५. सूर्याचे वर्ष झाले.

पण मायांचे आणखी एक चक्र आहे, आणि खरी गंमत त्यात आहे. त्याला किचे भाषेत ‘चोलकीह’ म्हणतात. त्यात दिवसांची २० नावे आहेत: बात्स, ए, आह, इश, त्सिकिन, आहमाक, नोह, तिहाश, कावोक, आहपू, इमोश, इक, आकाबाल, कात, कान, केमे, केह, कानील, तोह, त्सी. बात्स म्हणजे वानर, कान म्हणजे साप, केह म्हणजे हरीण, त्सी म्हणजे कुत्रा. या नावांबरोबर १ ते १३ हे आकडे चालतात. आज १ कान असेल तर उद्या २ केमे, परवा ३ केह. तेरा झाले की आकडा पुन्हा १ वर येतो, पण नावे पुढेच जातात. म्हणून १४ व्या दिवशी येतो १ तिहाश. २१ व्या दिवशी कान पुन्हा येतो, पण आता तो असतो ८ कान.

अशी जोडचक्रे आपल्यालाही नवीन नाहीत. मंगळवार दर सात दिवसांनी येतो, संकष्टी चतुर्थी साधारण साडेएकोणतीस दिवसांनी. दोन्ही एकाच दिवशी आल्या की आपण अंगारकी म्हणतो. तसेच हे.

मग १ कान पुन्हा केव्हा येणार? १३ आणि २० यांचा लसावि काढा. १३ ही मूळ संख्या, २० शी तिचा सामाईक अवयव नाही, म्हणून उत्तर सरळ गुणाकार, २६०. तेराऐवजी १२ घेतले असते तर लसावि ६० आला असता आणि आकडा व नाव यांच्या २४० जोड्यांपैकी फक्त ६० च कधी काळी दिसल्या असत्या. तेरा घेतल्यामुळे एकही जोडी वाया जात नाही. आता २६० आणि ३६५ यांचा लसावि काढा. तो येतो १८,९८०, म्हणजे बरोबर ५२ वर्षे. दोन्ही चक्रे एकत्र पुन्हा जुळायला माणसाची उमर निघून जाते.

२६० च का निवडले? मूल आईच्या पोटात असते तो काळ सुमारे एवढाच, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे सूर्याचे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रदेशात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्या-मुंबईकडे हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटाला येतो. चिचीचा अक्षांश सुमारे १५ अंश उत्तर, म्हणजे जवळजवळ गोव्याच्या दक्षिण टोकाचा. दोन्ही ठिकाणी सूर्य मेच्या आरंभी आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माथ्यावर येतो. ऑगस्टमधल्या त्या दिवसापासून पुढच्या मेपर्यंत मोजा, सुमारे २६० दिवस भरतात. चक्राचा उगम यातच आहे, असे काही अभ्यासकांना वाटते.

दिवसांचा माणूस

हे चक्र सांभाळणाऱ्याला ‘आहकीह’ म्हणतात. कीह म्हणजे दिवस आणि सूर्यही. आहकीह म्हणजे दिवसांचा माणूस, आणि हे काम स्त्रियाही करतात. त्यांच्याजवळ एक पिशवी असते. तिच्यात तांबड्या बिया असतात, आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळीतील एका झाडाच्या. त्या मांडून, दिवसांची नावे उच्चारत ते मोजतात आणि विचारणाऱ्याला सल्ला देतात. सल्ल्याचा भाग आपण बाजूला ठेवू. दिवसाच्या नावावरून माणसाचे भविष्य कळते, याला विज्ञानात आधार नाही. आपल्याला कुतूहल आहे ते मोजण्याचे.

बात्स या दिवसाशी सूत हा अर्थही जोडला जातो. ‘८ बात्स’ हा फार मोठा दिवस. डोंगरातील मोमोस्तेनांगो या गावी त्या दिवशी नवे आहकीह दीक्षा घेतात. टेडलॉक नावाच्या अमेरिकन अभ्यासक पति-पत्नींनी १९७० च्या दशकात तेथेच राहून हे मोजणे रीतसर शिकून घेतले होते.

आता परीक्षा

हिशेब खरोखर चुकलेला नाही, हे कसे तपासायचे? त्यासाठी जुना असा एक दिवस हवा, ज्याची युरोपीय तारीखही माहीत आहे आणि देशी नावही. असा दिवस इतिहासात आहे. मेक्सिकोतील आझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान स्पॅनिशांच्या हाती पडली, तो दिवस. स्पॅनिशांच्या नोंदीत तारीख आहे १३ ऑगस्ट १५२१. आझ्टेकांच्या स्मरणात तो दिवस आहे ‘१ साप’. आझ्टेकांचेही २६० दिवसांचे असेच चक्र होते, आणि त्यांचा साप म्हणजेच किचेंचा कान. दोन्ही चक्रांत सापाची जागा एकच.

एक अडचण मात्र आहे. १५८२ साली युरोपने आपले पंचांग सुधारले आणि १० दिवस गाळले. म्हणून आजच्या पद्धतीने ती तारीख २३ ऑगस्ट १५२१ धरावी लागते.

आता दुसरे टोक. ग्वातेमालाच्या डोंगरात ३ मे २०२४ हा दिवस ८ बात्स म्हणून पाळला गेला. या दोन तारखांमधील दिवस मोजा. लीप वर्षे नीट धरलीत तर उत्तर येईल १,८३,६०६.

१,८३,६०६ ला १३ ने भागा. बाकी ७ उरते. आकडा १ होता, त्यात ७ मिळवले की ८.

१,८३,६०६ ला २० ने भागा. बाकी ६ उरते. कानपासून सहा घरे पुढे चला: केमे, केह, कानील, तोह, त्सी, बात्स.

८ बात्स! मित्रांनो, पाच शतके, पावणेदोन लाखांहून अधिक दिवस, आणि एकाही दिवसाची चूक नाही. युरोपच्या पंचांगाने मध्ये दहा दिवस गाळले, यांनी एकही गाळला नाही.

त्याही मागे जाता येते का? उत्तरेकडच्या जंगलात टिकाल हे प्राचीन माया शहर आहे. तेथील मंदिराच्या दारावर कोरीव लाकडी तुळया आहेत. लाकूड कसले, तर चिकूचे! चिकूचे मूळ घर तेच. पुढे तो पार आपल्या डहाणू-घोलवडला येऊन पोहोचला. या तुळईवर माया पद्धतीने तिथी कोरली आहे. आजच्या डोंगरी मोजणीशी सांगड घालून हिशेब केला तर ती सातव्या शतकाच्या अखेरीची ठरते. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्या लाकडातील कार्बन-१४ मोजून प्रसिद्ध केलेले वय या हिशेबाशी जुळले. अर्थात कार्बनचे घड्याळ दशकांची भाषा बोलते, नेमका दिवस त्याला सांगता येत नाही. दिवस सांगायला माणसेच लागली.

चूक का झाली नाही?

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट पहिल्याच तासाला सांगतो. एकच वाचन घेऊ नका, पुष्कळ घ्या आणि दोन वेगळ्या पद्धतींनी घ्या. येथे नेमके तेच झालेले दिसते. प्रत्येक दिवसाला आकडाही आहे आणि नावही. आकड्यात चूक झाली आणि नाव बरोबर राहिले, तर इतरांच्या मोजणीशी जोडी जुळत नाही आणि चूक उघडी पडते. कारण मोजणारा एकटा नाही. गावोगाव आहकीह आहेत. एक चुकला तरी शेजारच्या गावाचा दिवस वेगळा निघेल आणि त्याला विचार करावा लागेल.

पण मोजणारी माणसेच राहिली नाहीत तर? तशी वेळ अनेकदा आली. किचेंची राजधानी चिचीच्या जवळच, उत्तरेला होती. ती पेद्रो दे आल्वारादो या स्पॅनिश सरदाराने १५२४ साली जाळली. १५६२ साली युकातानमध्ये दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया पोथ्यांची होळी केली. शेकडो वर्षांच्या लेखनातून आज अवघ्या चार पोथ्या उरल्या आहेत. आणि हे फार जुने म्हणून सोडून देऊ नका. १९६० ते १९९६ या काळात ग्वातेमालात यादवी युद्ध झाले. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. ज्यांची ओळख पटली त्यांतील शंभरात ८३ माया होते. सर्वांत मोठा घाव बसला तो किचे प्रांतावर, ज्यात हे गाव आहे. गावेच्या गावे ओस पडली, जाणती माणसे मारली गेली किंवा परागंदा झाली. १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेन्चू याच प्रांतातल्या किचे.

अशा काळातही कोणी तरी, कोठे तरी, रोज सकाळी पुढचा आकडा आणि पुढचे नाव उच्चारत राहिले.

म्हणून मला वाटते, संग्रहालयाचे काम मोठे असले तरी त्याला मर्यादा आहे. जेडचा मणी हजार वर्षे मातीत हरवला तरी एक दिवस नांगराला लागतो आणि काचेच्या कपाटात येतो. पोथी परदेशी गेली तरी तिची नक्कल मिळते. पण दिवसांची मोजणी एकदा तुटली की ती जमिनीतून उकरून काढता येत नाही. ती फक्त माणसाकडून माणसाकडे जाते, जशी एखादी ओवी आजीकडून नातीकडे जावी तशी.

करून पहा

आजपासून तुम्हीही मोजायला लागा. वर दिलेली वीस नावे आणि १ ते १३ आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ३ मे २०२४ हा ८ बात्स, यावरून आजचा दिवस कोणता ते भागाकाराने काढा. मग दिनदर्शिका न पाहता रोज तोंडाने पुढचा दिवस म्हणत चला. एक मित्र किंवा मैत्रीणही सोबतीला घ्या, पण रोज ताळा करू नका. २६० दिवसांनी दोघांचे उत्तर जुळवून पहा.

जुळले तर शाबास! नाही जुळले, तर आपण पहिल्यांदा कोणत्या दिवशी विसरलो, ते आठवून पहा.